शांत झालेला मुलगा

आमच्या टेबलाच्या खणात एक जुनी वही आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डोंगरपट्ट्यात मुलांच्या एका वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे होती, त्या २००३ सालची ती वही. कोणाला ताप आला, कोण घरी पळून गेला, तांदळाची किती पोती उतरली, अशा किरकोळ नोंदींनी ती भरलेली आहे. ऑगस्टमधल्या एका पानावर आमच्याच हस्ताक्षरात तीन छोटी वाक्ये आहेत : "रात्रीचे ओरडणे थांबले. गोळ्या चालू. मुलगा शांत आहे."

ही वाक्ये लिहिताना आम्हांला समाधान वाटले होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आज मात्र ते पान उघडवत नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, वारली समाजातला. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याचा बाप त्याला सोडून गेला. दिवसा तो कोणाशी बोलत नसे आणि कोणी अंगाला हात लावला की चावायला धावे. रात्री दोनच्या सुमारास उठून असा किंचाळे की पंचेचाळीस मुले अंथरुणात उठून बसत. आम्ही त्याला समजावले, दटावले, एकदा रागाच्या भरात व्हरांड्यात उभेही केले. शेवटी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर सज्जन गृहस्थ होते, गरिबांकडून पैसे न घेणारे. बाहेर बाकावर आणि बाकाखालीही माणसे बसलेली. त्यांनी विचारले, "फार त्रास देतो का, फादर?" आम्ही म्हणालो, "फार. इतर मुलांची झोप जाते." पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडली. औषधाचे नाव वहीत उतरवून ठेवले आहे : रिस्पेरिडोन.

आठवडाभरात मुलगा शांत झाला. वर्गात डोळे मिटून बसू लागला, तोंडातून लाळ गळू लागली. भूक मात्र वाढली, आणि दसऱ्यापर्यंत त्याच्या खाकी चड्डीची बटणे लागेनात. वसतिगृहाचे जेवण पोराला मानवले, असे आम्ही स्वयंपाकीणबाईंना कौतुकाने सांगितल्याचेही आठवते. दिवाळीच्या सुटीत त्याचा मामा न्यायला आला तेव्हा सहज बोलता बोलता कळले की आदल्या पावसाळ्यात मुलाची आई साप चावून गेली होती. बाप मजुरीला लांब गेलेला. नदीला पूर असल्याने रात्रभर कोणी येऊ शकले नाही, आणि झोपडीत तिच्याजवळ हा एकटाच होता.

आम्ही ते विचारलेच नव्हते. डॉक्टरांनी आम्हांला विचारले नाही, आम्ही मुलाला विचारले नाही. आम्हांला शांतता हवी होती, आणि ती आम्हांला मिळाली.

सुटीनंतर तो परतला नाही. कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्याचे कळले. एका शिक्षकांबरोबर निरोप पाठवला आणि कामाच्या रगाड्यात विसरलो. गोळ्या एकदम बंद झाल्या असणार. त्याचे पुढे काय झाले हे आम्हांला आजही ठाऊक नाही.

या गोष्टीला पंधरा वर्षे लोटल्यावर, २०१८ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून सात आठवडे राहण्याचा योग आला. हा धर्मग्राम वॉशिंग्टन राज्यातला. राजधानीचे वॉशिंग्टन शहर नव्हे, तर त्याच्या थेट उलट टोकाला, प्रशांत महासागराकडचे राज्य. त्यातही आम्ही होतो ते सिअ‍ॅटलसारख्या बड्या शहरात नव्हे, तर कॅस्केड पर्वतरांगेच्या पलीकडच्या याकिमा खोऱ्यात. सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा, बागांत राबणारे मेक्सिकन मजूर आणि रविवारी स्पॅनिश मिस्सेला तुडुंब भरलेले देऊळ. बालमनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर बहुतेकांना डोंगर ओलांडून दोनअडीच तासांचा प्रवास, आणि तोही महिनोन् महिने वाट पाहिल्यावर. अमेरिकेत सर्व काही हाताशी असते, ही आमची समजूत पहिल्याच आठवड्यात ढासळली.

तिथे एका कुटुंबाशी आमचा स्नेह जडला. नवरा-बायको दोघे पन्नाशीच्या आसपासची, स्वतःची मुले मोठी झालेली. त्यांच्या घरी सात वर्षांचा एक मुलगा शासनाने सांभाळायला दिला होता. आईबाप सांभाळू शकत नाहीत वा त्यांच्याकडे मूल सुरक्षित नाही, असे न्यायालयाने ठरवले की अमेरिकेत मुलाला बहुधा अनाथाश्रमात न ठेवता अशा प्रतिपालक कुटुंबात ठेवतात. या मुलाचे हे तिसरे घर होते. ओळख पटेल असा कोणताही तपशील आम्ही इथे देत नाही. इतकेच सांगतो की तो उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवी, दार आपटले की टेबलाखाली शिरे, आणि आधीच्या घरातून येताना कपड्यांच्या पिशवीबरोबर औषधाची एक बाटली घेऊन आला होता. जेवणानंतर बाईंनी ती कपाटातून काढली आणि आमचे लक्ष लेबलावर गेले. रिस्पेरिडोन.

आम्हांला जेवण गोड लागले नाही, हे त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी कारण विचारले आणि आम्ही वसतिगृहाची ती गोष्ट सांगितली. आमच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो.

आता औषधाविषयी थोडे. अँटिसायकॉटिक म्हणून ओळखली जाणारी ही औषधे मुळात छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मनोविकारांसाठी निघाली. त्यांतले पहिले, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना देऊन पाहण्यात आले आणि साखळदंडांनी बांधलेली कितीतरी माणसे त्यामुळे मोकळी झाली. त्या उपकाराला आम्ही नाकारत नाही. रिस्पेरिडोन नंतरच्या पिढीतले. स्वमग्न मुलांच्या टोकाच्या चिडखोरपणासाठी ते देण्यास अमेरिकी शासनाच्या औषध-प्रशासनाने २००६ साली मान्यता दिली, तीही पाच ते सोळा वर्षे वयोगटापुरती. पुढल्या वर्षी मोठ्या मुलांतील छिन्नमनस्कता व उन्माद यांची भर पडली. अशा मुलांच्या घरी ही गोळी वरदान ठरू शकते. प्रश्न निर्माण झाला तो या चौकटीबाहेर ती सरसकट दिली जाऊ लागली म्हणून : हट्टी मुलाला, मारकुट्या मुलाला, झोप न येणाऱ्या मुलाला, दुःखी मुलाला. याला व्यापाराचाही हातभार होता. एका बड्या औषधकंपनीने २०१३ साली अमेरिकी शासनाशी २.२ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. तिच्यावरील आरोपांत, मान्यता नसताना या वर्गातील औषधाचा मुलांसाठी प्रचार केल्याचाही आरोप होता.

किंमत मुलाचे शरीर मोजते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ही औषधे प्रथमच घेणाऱ्या चार ते एकोणीस वर्षांच्या मुलांचे वजन पाहिले गेले. सुमारे अकरा आठवड्यांत ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी साडेआठ किलोंनी वाढले, क्वेटियापिनवर सहा, रिस्पेरिडोनवर सव्वापाच आणि आरिपिप्राझोलवर जवळजवळ साडेचार किलोंनी. औषध न घेणाऱ्या तुलनेच्या गटात ही वाढ जेमतेम दोनशे ग्रॅम होती. वजनाबरोबर रक्तातील चरबी, साखर यांचाही तोल बिघडू शकतो. आमच्या वसतिगृहातील खाकी चड्डीची बटणे कशामुळे लागेनाशी झाली, ते आम्हांला याकिमाच्या गुरुनिवासात रात्री वाचत बसल्यावर कळले.

प्रतिपालनातील मुलांची अवस्था तर अधिक बिकट. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या कचेरीने डिसेंबर २०११ मध्ये फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, ओरेगन आणि टेक्सास या पाच राज्यांची २००८ सालची स्थिती मांडली. मनावर परिणाम करणारी औषधे मिळण्याचे प्रमाण, गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या सरकारी विमायोजनेतील इतर मुलांच्या तुलनेत, प्रतिपालनातील मुलांत २.७ ते ४.५ पट होते. एवढ्यावरून औषध चुकीचेच दिले असे म्हणता येत नाही. या मुलांनी सोसलेलेही इतरांहून अधिक असते, आणि हे त्या अहवालानेही मान्य केले होते. पण मूल एका घरातून दुसऱ्या घरात जाते, डॉक्टर बदलतात, समाजसेविका बदलते, आणि बाटली तेवढी त्याच्याबरोबर फिरत राहते. ती कोणी आणि का सुरू केली हे सांगणारा माणूसच जवळ उरत नाही. आईला आपल्या लेकराचे पहिले पाऊल आठवते, पहिला दात आठवतो. या मुलांचे आठवणारे कोण?

याकिमातल्या त्या मुलाला पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्याच धर्मग्रामातल्या. मनोविकारतज्ज्ञ नव्हेत, सर्दी-खोकल्यापासून लशींपर्यंत सारे पाहणाऱ्या साध्या कुटुंबवैद्य. मुलाविषयी त्या आमच्याशी एक अवाक्षर बोलल्या नाहीत आणि ते योग्यच होते. पण व्यवस्था कशी चालते हे त्यांनी एका रविवारी देवळामागच्या अंगणात कॉफी पिता पिता समजावून सांगितले. वॉशिंग्टन राज्याने २००८ साली 'पार्टनरशिप ॲक्सेस लाइन' नावाची दूरध्वनी-सेवा सुरू केली. ती सिअ‍ॅटलचे मुलांचे रुग्णालय चालवते. राज्यातल्या कोणत्याही गावच्या डॉक्टराने कामाच्या दिवशी फोन करावा आणि पलीकडे बालमनोविकारतज्ज्ञाने बोलावे. यासाठी डॉक्टरला पैसे मोजावे लागत नाहीत. बोलणे झाल्यावर सल्ल्याचा लेखी सारांशही येतो. या कल्पनेची आघाडी मॅसॅच्युसेट्स राज्याची, तिथे अशी सेवा २००४ पासून राज्यभर आहे. २०१८ पासून केंद्र शासनही अशा सेवांना पैसे पुरवू लागले आणि आता बहुतेक राज्यांत त्या पोहोचल्या आहेत.

याला जोडून दुसरी एक गोष्ट आहे, ती थोडी कडक. मेडिकेडमधील एखाद्या मुलाला फार लहान वयात असे औषध लिहिले गेले, मात्रा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, किंवा एकाच जातीची दोन औषधे एकदम दिली गेली, तर ती चिठ्ठी दुसऱ्या मतासाठी तज्ज्ञाकडे जाते. तो लिहिणाऱ्या डॉक्टरशी बोलतो, कागद पाहतो आणि मगच पुढे जायचे ते ठरते. इतर राज्यांनी आपापल्या वाटा काढल्या. टेक्सासने २००५ साली प्रतिपालनातील मुलांच्या औषधांसाठी मार्गदर्शक सूत्रे आखली. कॅलिफोर्नियात अशा मुलाला हे औषध द्यायचे तर बालन्यायालयाची परवानगी लागते. तरीही तिथल्या एका वृत्तपत्राने २०१४ साली औषधांचा अतिरेक चव्हाट्यावर आणला आणि पुढल्या वर्षी कायदे आणखी आवळावे लागले. सही करणाऱ्या न्यायाधीशापुढे फक्त डॉक्टरचा अर्ज असेल, तर तो तरी काय पाहणार? पहारेकरी नेमला तरी त्याच्या हाती कंदील द्यावा लागतो. म्हणूनच आम्हांला वॉशिंग्टनची जोडी अधिक शहाणपणाची वाटते. एका हाताने विचारपूस, दुसऱ्या हाताने मदत.

हे सारे ऐकून आम्ही थोडे कुत्सितपणे विचारले, "म्हणजे तुमच्यावर नजर ठेवतात तर!" डॉक्टरीणबाई हसल्या. त्या म्हणाल्या, "फादर, सुरुवातीला मलाही तसेच वाटले. कागद वाढले, रागही आला. पण पंधरा मिनिटांत रडणारी आई, ओरडणारे मूल आणि बाहेर रांग असताना माझ्याजवळ फक्त चिठ्ठीचे पुस्तक होते. आता फोन आहे." पलीकडचा तज्ज्ञ बहुधा औषधाचे नाव सांगण्यापूर्वी प्रश्न विचारतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले. झोप कशी आहे? शाळेत काय होते? हे सुरू होण्याच्या आधी घरात काय घडले? मुलाला कोणी मारले आहे का? वजन किती, कंबर किती, उपाशीपोटी साखर तपासली का? आईबापांना मूल हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले का? यातले शेवटचे आम्हांला नवे होते. सिअ‍ॅटलच्याच विद्यापीठात कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन या विदुषींनी असे एक प्रशिक्षण घडवले आहे, त्यात पालक आठवड्यातून एकदा जमतात आणि लहान मुलाशी खेळावे कसे, कौतुक केव्हा करावे, हट्टाकडे काणाडोळा केव्हा करावा, हे एकमेकांच्या साथीने शिकतात.

या सेवांनंतर वॉशिंग्टन राज्यात मेडिकेडमधील मुलांना अँटिसायकॉटिक देण्याचे प्रमाण घटले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. त्या काळात देशभरच जागरूकता वाढत होती, तेव्हा सगळे श्रेय एका फोनला देणे घाईचे होईल. शिवाय आकडा खाली आला म्हणून मूल बरे झाले असे होत नाही. गोळी काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर ते ओझे कोणाच्या डोक्यावर येते, हे आम्ही त्या घरी डोळ्यांनी पाहिले.

कारण मुलाची मात्रा उतरवायला सुरुवात झाली ती जुलैमध्ये. अशी गोळी एकदम तोडायची नसते, पायरी पायरीने खाली यायचे असते. पहिल्या पायरीलाच रात्रीच्या किंकाळ्या परत आल्या. बाईंनी चार रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. पाचव्या दिवशी त्या गुरुनिवासात आल्या आणि पापनिवेदनाला नव्हे, नुसत्याच बोलायला बसल्या. म्हणाल्या, "फादर, ती गोळी परत द्यावी असे मला वाटते. हे पाप आहे का?"

आम्ही काय उत्तर देणार? वसतिगृहात पंचेचाळीस मुलांची झोप पुढे करून आम्ही जे मागितले होते, तेच ही बाई चार रात्रींच्या जागरणानंतर मागत होती, आणि तरीही आधी विचारत होती. आम्ही म्हणालो, "बाई, हे पाप नाही, हा थकवा आहे." त्या दुपारी आम्ही दोन मावश्यांना त्यांच्याकडे पाठवले. एकीने स्वयंपाक पाहिला, दुसरी मुलाला घेऊन मागच्या अंगणात पाण्याच्या नळाशी खेळत बसली, आणि बाई संध्याकाळपर्यंत झोपल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोन केला तेव्हा तज्ज्ञाने पुढची पायरी लांबवायला सांगितले, असे बाईंकडून कळले. आघात झालेल्या मुलांसाठीचे समुपदेशनही त्याच सुमारास सुरू झाले. आम्ही निघालो तेव्हा गोळी निम्म्यावर आली होती. किंकाळ्या थांबलेल्या नव्हत्या, कमी झाल्या होत्या. उशीखालचा पाव तसाच होता. निरोपाच्या दिवशी मुलगा आमच्याजवळ आला, आमच्या खिशात त्याने काहीतरी कोंबले आणि पळाला. विमानतळावर पाहिले तर पावाचा तुकडा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा लेख वाचून कोणी आपल्या मुलाची चालू गोळी बंद करू नये. ज्याला खरोखर गरज आहे त्याला औषध न मिळणे हाही अन्यायच आहे, आणि आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञाचे नाव घेताच लोक तोंड फिरवतात, तेव्हा तो अन्याय अधिक घडतो. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही केंद्र शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तिच्यावर कोणालाही मनाच्या त्रासाबद्दल फुकट बोलता येते. हा क्रमांक आम्ही देवळाच्या सूचनाफलकावर लावला आहे. पहिल्या महिन्यात कोणीतरी तो फाडला. आम्ही पुन्हा लावला.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातली एक आई चिठ्ठी घेऊन आली. मुलगा आठ वर्षांचा, बाप आखातात, आणि शाळेने "डॉक्टरला दाखवल्याशिवाय वर्गात बसवणार नाही" असे सांगितलेले. आम्ही तिला एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. मुलाला नेमका कोणता आजार आहे? गोळी किती दिवस द्यायची? वजन आणि रक्त केव्हा तपासायचे? गोळीबरोबर किंवा गोळीआधी आणखी काय करता येईल? तिने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "फादर, असं विचारलं तर डॉक्टर रागावतील."

आम्ही तिच्याबरोबर गेलो. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. आत गेल्यावर तिने पहिला प्रश्न वाचला, तोही अडखळत, आणि दुसऱ्यावर तिचा आवाज बसला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले, घड्याळाकडे पाहिले आणि तिला म्हणाले, "बसा. हा असा कधीपासून वागतो, ते पहिल्यापासून सांगा."